आवाज गेला त्या दिवसांत

कोपरखैरणे, ३ फेब्रुवारी

धन्या,

पाकिटावर माझं नाव कुणी वाचून दाखवायच्या आधीच तू कागद उलगडला असशील आणि बोटं फिरवून म्हणाला असशील, या कृष्णातला आज ब्रेल कुठून सुचली. सुचली नाही, नाइलाज झाला. ब्रेलची पाटी शोधण्यातच सकाळ गेली. योगिनी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला तेजूकडे गेलीय, त्यामुळे कुठली वस्तू कुठे हे मला विचारायला माणूस नाही. शेवटी ती पोळपाटाच्या मागे उभी केलेली सापडली. टोचायचा स्टायलस मात्र गंजलाय, आणि कागद गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा आहे. शाळेत असताना आपण सुपरिंटेंडेंटच्या खोलीतलं कॅलेंडर पळवून त्यावर पत्रं टोचायचो, तसाच जाड. टिंबं नीट उठली नसतील तर शिव्या दे.

फोन तू उचलत नाहीस. चार वेळा केला. दोनदा रुतिकावहिनींनी घेतला, "ते भायेर गेल्यात, भावजी" म्हणाल्या आणि ठेवून दिला. आंधळा माणूस रोज दुपारी उन्हात कुठे जातो, असं विचारणार होतो. नाही विचारलं.

तेजूच्या लग्नापासून तुझं काहीतरी बिनसलंय, एवढं मला कळतं. मंडपात तुझी काठी माझ्यापासून हातभर अंतरावर टकटकत होती. मी तीनदा हाक मारली. तू न बोलता पुढे गेलास आणि न जेवता घरी. लोकांनी मला विचारलं, तुमचा जिवलग मित्र असा का निघून गेला? मी काय सांगणार? असो. तो विषय काढणार नव्हतो, निघाला.

काम असं आहे. टेलिफोनची नोकरी सुटल्यापासून मी घरी बसून मुलाखती ऐकतो आणि टाइप करतो. सध्या एका संस्थेने मिठागरात राबलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती दिल्यात. काम चांगलं आहे, माणसंही चांगली बोलतात. पण महिन्यापूर्वी माझ्या संगणकाची सिस्टिम बदलून घेतली. जुनीला आता अपडेट मिळणार नाहीत असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं, म्हणून वाशीच्या दुकानदाराने येऊन नवी टाकून दिली. तेव्हापासून हा बोलता बोलता मरतो.

म्हणजे खरंच बोलता बोलता. माझा स्क्रीन रीडर मी टाइप केलेलं वाचून दाखवत असतो, "माझी आई पहाटे मिठागरात" आणि संपलं. पुढचा शब्द नाही. डोळस माणसाला निदान पडदा दिसतो, काहीतरी लिहिलेलं दिसतं. मला नुसती शांतता. आत पंखा फिरत असतो. मशीन विचार करतंय, मेलंय, की फक्त त्याची वाचा गेलीय, हे मला कळत नाही. मी बटणं दाबत बसतो. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू होतो आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात "स्वागत" म्हणतो. टाइप केलेलं गेलेलं असतं.

आपल्या सगळ्यांना संगणक तू शिकवलास. की-बोर्डवर कापड टाकून परीक्षा घ्यायचास, "तुमाला कापडाचा काय फरक परतोय रं" म्हणून हसायचास. तेव्हा राग असला तर असू दे, पण हे सांग.

कृष्णात


कोपरखैरणे, १४ फेब्रुवारी

धन्या,

पत्र मिळालं. पोस्टमनने बेल वाजवून हातात दिलं. म्हणाला, "काका, हे कसलं पाकीट, तिकीटच नाही!" त्याला आंधळ्यांच्या टपालाची सवलत समजावून सांगितली. त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

तुझं टोचणं अजून तसंच आहे, खोल आणि चिडल्यासारखं. आणि किती कमी लिहितोस! "फोन नको. काय तें लिवून इचार. लिवून सांगीन." कशाला रे? मी फोन कानाला लावून संगणकासमोर बसलो, तर तासाभरात काम होईल. तू लिहिणार, टपाल चार-पाच दिवस घेणार, मी करणार, पुन्हा मी लिहिणार. पण ठीक आहे. मास्तर तू आहेस.

आपोआप सुरू होणं बंद करायचं, म्हणजे मेल्यावर पडदा तसाच राहील आणि कुणालातरी वाचता येईल, हे तुझं म्हणणं पटलं. तू लिहिलेल्या क्रमाने गेलो. बटण न बटण बरोबर निघालं. ती खूण काढली. दुसऱ्याच दिवशी दुपारी तो पुन्हा मेला आणि मेलेलाच राहिला. मला आयुष्यात पहिल्यांदा संगणक बंद पडल्याचा आनंद झाला.

पण वाचायला कोण? शेजारचे कामावर गेलेले. तेवढ्यात खाली गोजराबाईचा आवाज आला. दिवाळे गावाहून मासे घेऊन येते ती. बोलावलं वर. म्हटलं, मावशी, जरा पडदा बघा आणि काय दिसतं सांगा. माशांची पाटी दारात ठेवून ती आत आली.

"निला हाय," ती म्हणाली. "सगला निला."

"त्यावर काय आहे?"

"इंग्लिश हाय, तें मना काय कलतंय? पन वर तोंड काडलंय बग कोनचा. वाकडा. रडतंय जसा."

"तोंड?"

"दोन डोले, न् तोंड खाली. अरे, तुजा मशीन रुसलाय रं!"

मी इतका हसलो की तीही हसायला लागली. जाताना अर्धा वाटा बोंबील पैसे न घेता देऊन गेली. तर निदान एवढं कळलं की पडदा निळा आहे आणि रडतोय. पुढे काय?

दुसरं एक. मुलाखतीतल्या एका म्हाताऱ्याचा शब्द कळत नाही. तुमच्या बोलीतला दिसतो. तुला फोनवर त्याचा तुकडा पाठवलाय, अर्ध्या मिनिटाचाच आहे. ऐक आणि सांग.

पत्राच्या शेवटी लिहिलंयस, "यकदा येऊन जा उरनला. गारी हाय आता थेट. बसून बोलू." येईन रे. हे काम एकदा हातावेगळं होऊ दे.

कृष्णात


कोपरखैरणे, २७ फेब्रुवारी

धन्या,

आधी बातमी. तेजूला मुलगी झाली. काल सकाळी. दोघी बऱ्या आहेत. योगिनीने फोन बाळाच्या तोंडाशी धरला. धन्या, काय आवाज आहे! एवढ्याशा जिवाचा असा खणखणीत की फोन कानापासून लांब न्यावा लागला. तुला ऐकवायला हवा होता. तो रेकॉर्ड करून घेतलाय, सारखा तोच लावून ऐकतोय. मशीनची वाचा बसली तरी घरात आवाज आहे म्हणायचं.

आता मशीन. फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपचं तू लिहिलंस, ते मी आधीही करून पाहिलं होतं, पण तेव्हा पडदा टिकत नव्हता. या वेळी टिकला. फोन कुठे धरायचा तेच कळत नव्हतं, कधी ते भिंतीवरचं घड्याळ वाचायचं, कधी माझाच शर्ट. शेवटी एकदाचं वाचलं. बरंच काही बरळलं, त्यातला "ड्रायव्हर" हा एकच शब्द धड समजला. म्हणजे नव्या सिस्टिमला जुना कुठलातरी ड्रायव्हर मानवत नाही, असं ना? मशीनला जोडलेल्या वस्तूंशी बोलणारा तो दुभाषा म्हणजे ड्रायव्हर, हे तूच शिकवलं होतंस. आता कुठला दुभाषा खोटं बोलतोय ते शोधायचं. तुझा अंदाज आवाजाच्या ड्रायव्हरवर असेल, मला ठाऊक आहे, कारण मरतो तो नेहमी ऐकताना.

मी पाठवलेला तुकडा तू ऐकला नाहीस. "सबूद ब्रेलमधी टोचून धार" असं लिहिलंस. अरे, मला शब्द कळला असता तर तुला कशाला विचारलं असतं? बरं, टोचून धाडतो. "आगोट" किंवा "आगोठ" असं काहीतरी म्हणतो तो. "आगोटीच्या आधी मीठ झाकायचं."

आणि हे शिमग्याचं. "शिमग्याला ये. मागारी येशील तं काय उपेग नाय." मागाहून आलो तर उपयोग नाही, हा काय टोमणा? रागावलास का मी लगेच आलो नाही म्हणून? तुमच्याकडचा शिमगा मोठा, हे मला माहीत आहे, मी आलोय पूर्वी, तुझ्या आईच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्यात. पण या वर्षी नेमकं पंधरा मार्चला काम द्यायचंय आणि मशीन दिवसातून दोनदा मरतं. शिमगा दर वर्षी येतो. पुढच्या वर्षी योगिनीला आणि नातीलाही घेऊन येतो.

कृष्णात


कोपरखैरणे, १० मार्च

धनेश,

तू सांगितलंस तसं केलं. आवाजाचा ड्रायव्हर काढून टाकला. "मशीन बंद करून चालू कर, आपसूक परत बसल." नाही बसला. आज पाचवा दिवस आहे. मशीन ठणठणीत चालू आहे, आणि एक अक्षर बोलत नाही. आधी निदान मरेपर्यंत तरी बोलायचं.

तुझ्या पत्रात लिहिलंय, अमुक ठिकाणी जा, तिथे तिसरं पान. तिथे तिसरं पानच नाही. सगळं बदललंय. मी आवाज नसताना अंधारात चाचपडत होतो. "अंधारात" हा शब्द आपण दोघं कधी वापरत नाही, कारण आपल्याला अंधार म्हणजे काय हेच माहीत नाही. पण त्या दिवशी मला कळला.

दुकानदार परगावी गेलाय. वाट बघून काल संस्थेच्या निशिगंधा मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "कृष्णातदादा, तुम्ही टेन्शन नका घेऊ. उरलेल्या मुलाखती आम्ही दुसऱ्यांना दिल्यात."

"पण मॅडम, मी करतोय. आठ दिवस द्या फक्त."

"अहो, पुढच्या वेळी नक्की तुम्हालाच."

किती गोड बोलल्या! पुढची वेळ नसते, हे तुलाही ठाऊक आहे. डोळस माणसाचं मशीन बिघडलं तर मशीन बिघडलं असतं. आपलं बिघडलं की आपल्याला जमत नाही असा अर्थ होतो. इतकी वर्षं तेच खोटं पाडत आलो, दिवसदिवस ते पेडल दाबून दाबून घोटा सुजला, आणि आता हे.

खरं सांग, नव्या सिस्टिमवर तू कधी हात तरी लावलायस? एकदा बसून, ऐकून पाहिलंयस? का जुन्या आठवणीवरच मास्तरकी चाललीय? लोकांचा जीव टांगणीला लागलेला असतो तेव्हा आठवणीतून उपाय सांगू नयेत. फोन घेतला असतास तर "तिसरं पान नाही" हे मी तिथल्या तिथे सांगितलं असतं आणि हा प्रकार टळला असता. पण समोरच्याचं ऐकून घ्यायची सवयच तुला राहिली नाही. मंडपातही नव्हती.

शिमग्याला मी येत नाही. वाट बघू नकोस.

कृष्णात


कोपरखैरणे, २९ मार्च

धन्या,

तुझी चिठ्ठी शिमग्यानंतर आली. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ. "पायाखालचा पेडल कारून बग."

मी आधी चिडलो. एवढं सगळं लिहिलं, त्याला हे उत्तर? मग दुकानदार आला, आवाज परत बसवून गेला, आणि दुसऱ्या दिवशी मशीन पुन्हा तसंच मेलं. तेव्हा टेबलाखाली हात घालून पेडलची वायर उपटली. तुला आधी सांगायचं राहिलंच होतं त्याचं: शिवणयंत्रासारखं असतं, दाबलं की मुलाखत चालते, सोडलं की थांबते, हात टाइप करायला मोकळे राहतात. बारा वर्षांपूर्वीचं आहे. मला ते संगणकाचा भाग वाटतच नव्हतं. पायातल्या चपलेसारखं झालं होतं.

पेडल काढल्यापासून मशीन एकदाही मेलं नाही. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "त्या पेडलचा ड्रायव्हर जुना आहे काका, नव्या सिस्टिमला चालत नाही. तुम्ही सांगितलंच नाही पेडलचं." तुलाही मी ते सांगितलं नव्हतं. रागाच्या भरात सुजलेल्या घोट्याचं लिहिलं, त्यातून तू पकडलंस. शिव्या वाचता वाचता माणसाला पेडल कसं सापडतं, हे तूच जाणे.

मागच्या पत्रात जरा जास्तच लिहिलं गेलं. मनावर घेऊ नकोस. काम हातचं गेलं होतं, तू समजून घेशील. आता निशिगंधा मॅडमनी दुसऱ्या चार मुलाखती दिल्यात, म्हणजे पुढची वेळ आली म्हणायची. मी पेडलशिवाय करतोय, हळू होतं, पण होतं. तू मागे टोचलेला "आगोट"चा अर्थ बरोबर निघाला. पावसाळ्याचं तोंड. मॅडम खूश झाल्या. तुझं नाव सांगितलं त्यांना.

या वेळी तू "ये" म्हणाला नाहीस. पण मी येणार आहे. उद्या पाडवा, मग पुण्याला नातीचं बारसं, ते उरकून एप्रिलच्या मध्यावर नक्की. मनसोक्त गप्पा मारू. तू तुझं काय बिनसलंय ते सांग, मी माझं सांगतो, आणि एकदाचं मिटवून टाकू.

कृष्णात


कोपरखैरणे, २१ एप्रिल

धन्या,

शनिवारी तुझ्या घरात जे बोललं गेलं, त्यातलं तुला ऐकू आलं नाही तेवढं लिहितोय. ते तुझ्याच घरात बोललं गेलं, तर तुला कळायला हवं.

रिक्षा तुमच्या आळीत थांबली. मी काठीने पायरी शोधली आणि मोठ्याने ओरडलो, "धन्या, दार उघड, उपाशी आलोय!" तू दारातच खाटेवर बसला होतास, हे मला माहीत नव्हतं. उत्तर नाही. मला वाटलं, अजून रागावलाय. मी पुन्हा म्हणालो, "पुरे झालं आता, बोल की." मग वहिनी आतून धावत आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"भावजी, आवाज देऊ नका. त्यानला ऐकू येत नाय."

मी म्हटलं, "काय येत नाही?"

"ऐकू. काय पन नाय."

तुझ्या श्वासाचा आवाज येत होता, तुझ्या गुडघ्यावर बोटं वाजत होती, ती तुझी जुनी सवय. मला तुझं सगळं ऐकू येत होतं.

वहिनी हळू बोलत होत्या. मग त्यांच्याच लक्षात आलं असावं की हळू बोलायची काही गरज नाही, पण तरी हळूच बोलत राहिल्या. "डावा कान तेजूच्या लग्नाआदीच गेलता. डाक्टर बोल्ले, ज्या आजारानी डोले नेले त्योच कोना कोनाचे कान पन नेतंय. मांडवात तं डिजे लावलेला, त्यानला काय बी समजत नव्हता, घाबरून घरी आयले. मना बोल्ले, सगली लोका माज्या आंगावर येत होती. कोनाला सांगू नको बोल्ले."

"आणि उजवा?"

"उजव्याला मशीन होती. जवल बसून बोल्लं का समजायचं. शिमग्याला ढोल वाजला तवा मना इचारलं, हा लांब वाजतंय का आपल्या दारात? दारातच वाजत होता, भावजी. पारव्याच्या आसपास तेवरा पन गेला."

मी विचारलं, "पाडव्यापर्यंत ऐकू येत होतं, तर मला का नाही कळवलंत, वहिनी? एका फोनचं तर काम होतं."

"मी बोल्ले होते. तें बोल्ले, कृष्णा येल. तो आयला का त्याला समोर बसवून सांगीन, न् तो काय बोलतंय तें ऐकीन. लिवून नाय सांगायचा. मना त्याचा ऐकायचा हाय."

धन्या, शिमग्याच्या दिवशी मी घरीच होतो. काम तर आदल्या आठवड्यातच काढून घेतलेलं होतं. मशीन मुकं होतं. मला करायला काहीच नव्हतं. मी दिवसभर पलंगावर पडून तुझ्यावर रागावत होतो. नेरूळहून गाडीत बसलो असतो तर दुपारच्या जेवणाला तुझ्यापाशी असतो.

मग मी पाणी मागितलं. वहिनी आत गेल्या तेव्हा चाचपत बसलो, तर तुझ्या टेबलाला हात लागला. कापडाने झाकलेला संगणक. वर धूळ. वहिनी पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "दोन वर्सं झाली, लावला नाय. बोलतंय तें ऐकायला येत नाय, मंग कशाला लावायचा? पन तुमचा पत्र आयला का हितं येऊन बसायचे. बंद मशीनवर बोटा चालवायचे. परत परत. मी बोल्ले, काय करताव? तं बोल्ले, थांब, मोजतंय."

म्हणजे पहिलं पत्र आलं तेव्हापासून तू बंद मशीनवर हात फिरवून, आठवून, मला एकेक बटण सांगत होतास. आणि पहिल्या वेळी सगळं बरोबर निघालं होतं. एका ठिकाणी, एकाच ठिकाणी चुकलं, कारण तिथे जग बदललं होतं आणि ते तुला कुणी सांगितलं नव्हतं. त्यावर मी काय लिहिलं ते तुझ्या बोटांखालून गेलंय. शाईने लिहिलं असतं, तर वहिनींनी वाचून दाखवताना निम्मं गाळलं असतं. मी ते टोचून पाठवलं.

पुढचं तुला ठाऊक आहे. मी तुझ्याजवळ बसलो. तू माझा हात ओढून घेतलास, मनगटावरच्या ब्रेल घड्याळाच्या उघड्या काट्यांवरून बोट फिरवलंस आणि मोठ्याने, नको इतक्या मोठ्याने म्हणालास, "कृष्णा? कवा आयलास?" मी तोंडाने म्हणालो, "आत्ताच." तूच दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवलेस. वर्गात बोललं की छडी मिळायची, तेव्हा आपण एकमेकांच्या बोटांवर टिंबं मारून बोलायचो, हे मी विसरलो होतो. ब्रेल अक्षराच्या सहा टिंबांना सहा बोटं. तू विसरला नव्हतास.

किती हळू होतं ते! मुलगी झाली हे तुला पत्रातून माहीत होतं, तरी तू नाव विचारलंस. मी तुझ्या बोटांवर "राही" मारलं. तू पुन्हा मारायला सांगितलंस. मग म्हणालास, "राही. बरा नाव हाय. संगनक चालला क?" मी "चालला" मारलं. तू हसलास. तुझा आवाज बदललाय, धन्या. सपाट झालाय, शब्दाचं शेपूट गिळतोस. तुला ऐकू येत नाही म्हणून तुला ते कळत नसेल. मी सांगावं की नाही, माहीत नाही. सांगितलं आता.

मग तू विचारलंस, "तुजा आवाज कसा झालाय रं आता? म्हातारा झालाय?" मी तुझ्या बोटांवर हात ठेवला. आपला आवाज कसा आहे हे माणूस कसं सांगणार? वहिनींना विचारलं मोठ्याने, "वहिनी, कसा झालाय माझा आवाज?" त्या म्हणाल्या, "बसलाय थोरा." मी तुझ्या बोटांवर मारलं, "बसलाय." तू म्हणालास, "बसनारच. लय बोलतंस."

दुपारी जेवण झालं. मी पेडलबद्दल सांगितलं, मुलाखतींबद्दल सांगितलं. निशिगंधा मॅडमकडे मी चौकशी केलीय. संगणकावरची अक्षरं टिंबं होऊन बोटाखाली उठतात असं यंत्र असतं, त्यांच्या ओळखीच्या एका संस्थेत अर्ज करावा लागतो. वेळ लागेल, पण मिळेल. ते मिळालं की तुझं मशीन तुला परत वापरता येईल. तू "बगू" म्हणालास. तुला माझ्यासमोर खूश होऊन दाखवायचं नव्हतं, हे कळलं मला.

चहा आला तेव्हा मी तुझा हात पुन्हा घेतला. आल्यापासून जे सांगायचं होतं ते सांगायला सुरुवात केली. "मा" एवढंच मारलं असेन. तू माझी बोटं मुठीत धरलीस आणि ओरडून म्हणालास, "कल्ला. च्या पी, थंड होतंय."

मी थांबलो. तुला कळलं होतं, तू थांबवलंस म्हणून थांबलो, असं गाडीत बसल्यावर स्वतःला सांगत आलो. खरं असं की मला सुटल्यासारखं वाटलं होतं. एका अक्षरात भागलं. पण तू कान जाईपर्यंत माझा आवाज ऐकायला थांबला होतास, आणि मी माझं वाक्यसुद्धा पुरं केलं नाही.

इथे टेबलावर मी एकटा आहे आणि कागद जाड आहे. म्हणून पुरं टोचतो. मला माफ कर, धन्या. मी शिमग्याला यायला हवं होतं. तू "ये" म्हणालास तेव्हा का, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. मला फक्त माझं मशीन ऐकू येत होतं.

उत्तर लिहू नकोस. रविवारी येतो. तोंडाने दे, कितीही मोठ्याने. मला ऐकू येतं.

कृष्णात